मूळ भिंतीपासून

(यॉर्कशरमधल्या, खाण बंद पडलेल्या एका गावातलं जोडघर. त्यातल्या थेल्माच्या बाजूचं स्वयंपाकघर. दुपार.)

थेल्मा : दार ओढून घे, ऊब बाहेर जातेय. आणि अशी उभी राहू नकोस वसुलीला आल्यासारखी.

बेरिल : बसायला नाही आले मी. एक विचारायचंय, विचारते आणि जाते.

थेल्मा : बेरिल हॅडफील्ड, तुझ्या न् माझ्या घराची मधली भिंत एक आहे. तिला वळसा घालून माझ्या दारात यायला तुला तीस वर्षं लागली. आता दम लागलाय तर बस. खुर्ची चावत नाही.

बेरिल : दम नाही लागला. तुझी पायरी उंच आहे.

थेल्मा : पायरी तीच आहे. चहा टाकलाय. साखर दोन ना तुला?

बेरिल : साखर सोडली मी.

थेल्मा : कधी?

बेरिल : झाली की वीसेक वर्षं. डॉक्टरनं सांगितलं म्हणून. आणि हे बघ, पत्र आलंय तुला कौन्सिलचं, मला माहितेय. पोस्टमन टाकताना पाहिलं मी.

थेल्मा : पडद्याआडून.

बेरिल : खिडकीतून. खिडकी माझी आहे, पडदाही माझाच आहे.

थेल्मा : ते काय, बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलंय. वाचलं मी. शेजारच्या घराच्या मागे नेहमीपेक्षा लांब बांधकाम काढायचंय, आपली हरकत असल्यास कळवावी. कौन्सिलनं मला उभ्या जन्मात काही विचारलं नव्हतं. त्या कागदानं विचारलं.

बेरिल : मग? घेणार आहेस हरकत?

थेल्मा : घे, चहा घे. आल्याचा केकही आहे, पण दुकानातला आहे. हल्ली हात दुखतात, कालवत नाही मी.

बेरिल : मी काय विचारलं?

थेल्मा : ऐकलं मी. कशाला हवीय खोली? पत्रात ते नाही लिहिलेलं. पत्रात नुसते फूट आहेत.

बेरिल : तुला माहीत नाही? अख्ख्या गल्लीला माहितेय.

थेल्मा : गल्ली मला काय सांगते ते मला माहितेय. तू सांग.

बेरिल : स्टॅनसाठी. ईस्टरच्या आधी झटका आला त्याला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून इस्पितळातच आहे. डॉक्टर म्हणतात आता आम्हाला करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या. मग तिथली एक बाई आली घर बघायला, बगलेत फाइल आणि पायात पांढरे बूट. जिना बघितला. न्हाणीघर कुठे, म्हणाली. म्हटलं वर, सगळ्यांचं असतं तसं. संडास? तोही वर. पुढच्या खोलीत पलंग लावीन म्हटलं, तर म्हणे त्या दारातून इस्पितळाचा पलंग वळणार नाही, आणि माणसाला उचलून वर कोण नेणार. तू नेणार का? माझ्याकडे बघून म्हणाली, माझ्या तोंडावर.

थेल्मा : तू काय म्हणालीस?

बेरिल : म्हटलं, बाई, मी खाणवाल्याची सून न् खाणवाल्याची बायको. उचलायचं काय ते मला शिकवू नकोस. हसली ती. हसली म्हणजे झालंच. खाली खोली, तिला लागून संडास न् न्हाणी असेल तर घरी, नाहीतर वृद्धांच्या निवासात. जागा आहे म्हणे समुद्राकडे, तीन बस बदलून जायचं. समुद्र दिसतो खिडकीतून. स्टॅनला समुद्र काय करायचाय? आयुष्यभर जमिनीखाली होता माणूस.

थेल्मा : तिकडे गेलेली माणसं परत येत नाहीत.

बेरिल : ते मला सांगू नकोस. ते मला रोज रात्री माहीत असतं.

थेल्मा : मग बांध की खोली. माझ्याकडे कशाला आलीस? तुम्हाला विचारावं लागत नाही. मी ऐकलंय हे वाक्य.

बेरिल : टोमणा मार. मारून घे. मी मारलाच असता. पण आमच्या नेव्हिलनं घोळ घातलाय. फीत घेऊन आला मोठ्या रुबाबात, स्टॅननं मागं बांधलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली, दहा फूट मोजले, खुंटी ठोकली. म्हणाला, आई, तीन मीटरपर्यंत कायद्यानं कुणाचं तोंड बघायला नको. खणणारा ठरवला, विटा ठरवल्या. इस्पितळातल्या बाईला सांगून टाकलं मी, पानगळीपर्यंत माणूस घरी नेते. तिनं लिहूनसुद्धा घेतलं. मग कौन्सिलला नकाशा दाखवला तर तिथला पोरगा म्हणतो, मोजलंय कुठून? तर म्हणे ते स्वयंपाकघर घरात धरत नाहीत.

थेल्मा : धरत नाहीत म्हणजे?

बेरिल : मूळ घरापासून मोजायचं. कोळसा कंपनीनं बांधलं तसं. लढाई संपल्यावरची कुठलीशी एक तारीख धरलीय त्यांनी, त्या दिवशी भिंत जिथं होती तिथं घर संपलं. नंतर माणसानं हातानं जे उभं केलं ते सगळं वाढीव. स्टॅनचे दहा फूट तिथंच संपले. तीस वर्षं मी ज्या खोलीत रविवारचं मटण भाजतेय ती म्हणे माझं घर नव्हे.

थेल्मा : मी सांगितलं असतं त्या पोराला. मला ते तेव्हापासून माहितेय.

बेरिल : चोळ, मीठ चोळ.

थेल्मा : मग आता?

बेरिल : आता त्याच्यापुढे आणखी दहा फूट. म्हणजे मूळ भिंतीपासून वीस. तेवढं निघतं, पण शेजाऱ्यांना विचारून. पलीकडच्या बाजूला रस्ता, मागे जुन्या रुळांची जागा. शेजारी म्हणजे तूच.

थेल्मा : वीस फूट. माझ्या अंगणाचं टोकच आलं म्हणायचं.

बेरिल : टोक नाही. कोपऱ्यातला तुझा बाक आहे ना, तिथपर्यंत.

थेल्मा : माझा बाक बघतेस तू.

बेरिल : दिसतो तो. संध्याकाळी बसतेस तिथं, मटार सोलत नाहीतर नुसतीच. तेवढंच ऊन येतं तुझ्याकडे. मला माहितेय ते. म्हणून तर जीभ जड झाली इथं येताना.

थेल्मा : तुझी जीभ? जड?

बेरिल : बरं, नाही झाली.

थेल्मा : बेरिल, त्या खोलीत बघ. ते कपाट आहे ना, तिथं माझ्या रॉनचा पलंग होता. आठवतं?

बेरिल : आठवतं.

थेल्मा : छातीत कोळशाची धूळ भरलेली, जिना चढवत नव्हता. आडवंही होता येत नव्हतं. उशांना टेकून बसायचा खिडकीशी. दुपार कलली की ऊन पायावर यायचं, मग गोधडीवर, मग हातावर. हात उलटेपालटे करायचा उन्हात, पाव भाजल्यासारखे. दिवसभर त्याची वाट बघायचा. आणि मग तुमच्या अंगणात वाळू पडली.

बेरिल : त्या वेळी कायद्यानं विचारावं लागत नव्हतं.

थेल्मा : नव्हतं लागत. मी वाचनालयात जाऊन बघून आले होते. तुमचं सगळं कायद्यात बसत होतं. रॉन बघत बसायचा, वीट चढताना. मी चिडायचे, भांडीच आपटायचे. तो काय म्हणाला माहितेय? म्हणाला, स्टॅनचा हात चांगला आहे, भिंत ओळंब्यात आहे.

बेरिल : असं म्हणाला?

थेल्मा : छप्पर चढलं त्या आठवड्यात ऊन यायचं बंद झालं. हिवाळ्यात गेला तो. भिंतीनं गेला असं मी कधी म्हटलं नाही. धुळीनं गेला. पण अंधारात गेला.

बेरिल : त्याला पुरलं त्या दिवशी मी हॅम पाठवलं होतं.

थेल्मा : मी परत पाठवलं.

बेरिल : ताटासकट. माझंच ताट, तेही तडा गेलेलं परत आलं.

थेल्मा : तडा आधीपासून होता.

बेरिल : नव्हता, थेल्मा. राहू दे. ताटाचं राहू दे. तेव्हा आमचं काय होतं ते तुला माहितेय. खाण बंद झालेली, स्टॅन घरात नुसता फिरायचा, जनावर कोंडल्यासारखा. हाताला काम नसलं की तो माणूस माणूस राहायचा नाही. विटा रचायला लागला तेव्हा पहिल्यांदा जेवला नीट. मला वाटलं, आता कुणाला विचारायला गेलो आणि कुणी नको म्हटलं तर हा परत खुर्चीत बसेल. म्हणून नाही विचारलं. ऊन दिसलं नव्हतं असं नाही.

थेल्मा : मी नको म्हटलं नसतं.

बेरिल : आता म्हणतेस.

थेल्मा : तेव्हाही नसतं म्हटलं. रॉननं मला म्हणूच दिलं नसतं. पण बेरिल, विचारावं लागत नव्हतं तेव्हा विचारलं असतंस ना, तर ते विचारणं झालं असतं. आज तू आलीस ती तो कागद आला म्हणून.

बेरिल : कागदासाठी यायची गरजच नव्हती मला. उलट नेव्हिल म्हणाला, जाऊ नकोस, तोंड उघडशील आणि होतं ते बिघडवशील.

थेल्मा : दारावर कोण आहे?

नेव्हिल : आई, तू इथं आहेस? मी घरभर शोधतोय. नमस्कार, थेल्मामावशी. माफ करा हं, तुम्हाला त्रास दिला असेल हिनं.

थेल्मा : 'तुम्हाला' कधीपासून? या टेबलाखाली चड्डी भिजवलीस तू. आत ये, दार लाव.

नेव्हिल : हो, म्हणजे, लावतो. आई, मी सांगितलं होतं ना.

बेरिल : सांगितलं होतंस. मोजायलाही तूच सांगितलं होतंस.

नेव्हिल : ते झालं, आई. मी म्हटलं ना चुकलं म्हणून. किती वेळा म्हणू? मी त्या स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झालो, मला ते घरच वाटणार ना. मूळ भिंत कुठली हे शोधायला त्या माणसानं गालिचा उचलायला लावला. खाली उंबरठ्याचा दगड निघाला. तिथं घर संपतं म्हणे.

थेल्मा : माझ्याकडे तो दगड उघडाच आहे. माझं घर तिथंच संपतं.

नेव्हिल : हो, मावशी. पण हे, म्हणजे, कसं आहे, तुला काही करावं लागत नाही. सहीसुद्धा नाही. पत्रात मुदत दिलीय ना, तोवर तू काही कळवलं नाहीस तर ते आपोआप मंजूर धरतात. तू नुसती गप्प राहिलीस तरी चालतं.

थेल्मा : गप्प राहिले तरी.

नेव्हिल : हो.

थेल्मा : आणि बोलले तर?

नेव्हिल : तर मग ते बघायला येतात. ऊन किती अडतं, खिडकी किती झाकते. आणि, म्हणजे, खरं सांगायचं तर तुझ्या बाजूनं आधीच इतकं झाकलंय की ते नाही म्हणतील. मग पूर्ण परवानगीचा अर्ज, मग सगळा हिवाळा. इस्पितळ तेवढं थांबणार नाही. बाबांना शुक्रवारीच हलवायचं म्हणत होते, मी कसंबसं हातापाया पडून थांबवलंय.

थेल्मा : ऐकलंस, बेरिल? तीस वर्षं मी जे करत आले, तेच कायद्याला हवंय.

बेरिल : मी तुला गप्प राहा म्हणायला नाही आले. नेव्हिल, तू जरा तिकडे बघ.

नेव्हिल : कुठे बघू?

बेरिल : कुठेही बघ. थेल्मा, तुला नको म्हणायचं असेल तर म्हण. पण मला म्हण, इथं. त्या कागदावर लिहून पाठवू नकोस, की मला ते त्या पोराच्या तोंडून ऐकावं लागेल. बास, एवढंच होतं. चल रे नेव्हिल, हात दे.

थेल्मा : बस.

बेरिल : दमले मी, थेल्मा. रोज दोन बस बदलून इस्पितळात जायचं, त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, दोन बस बदलून यायचं. तो मला ओळखतो की नाही तेसुद्धा कळत नाही. डोळे उघडे असतात. डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर ठोकत असतो, बस. परवा नर्सनं कठड्याला उशी बांधली. बाकीच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणे. आता उशीवर ठोकतो.

थेल्मा : कसं ठोकतो?

बेरिल : कसं म्हणजे? चाळा आहे तो. मेंदूला मार बसला की करतात म्हणे.

थेल्मा : नर्स काय म्हणते ते नको. कसं ठोकतो ते सांग. सारखं की थांबून थांबून?

नेव्हिल : थांबून, मावशी. मी पाहिलंय. तीन वेळा ठोकतो, मग थांबतो. मग परत तीन. तासन् तास.

थेल्मा : थांबतो तेव्हा काय करतो?

नेव्हिल : काही नाही. म्हणजे, मान थोडी अशी वळवतो. कानोसा घेतल्यासारखी.

थेल्मा : आणि तुमच्यापैकी कुणी काही केलं नाही?

बेरिल : काय करायचं होतं? मी हात धरते त्याचा. मग थांबतो. सोडला की परत.

थेल्मा : हात धरलास. अगं, रॉन खाणीत काय काम करायचा?

बेरिल : खाली छाती बिघडली तेव्हा वर घेतला त्याला, खाणीच्या तोंडाशी. घंटेवर. माणसं वरखाली नेणाऱ्या पिंजऱ्याचा माणूस.

थेल्मा : खालून घंटा यायची ती ऐकायचा आणि उलट वाजवायचा. एक ठोका म्हणजे थांबव. दोन म्हणजे खाली सोड. कोळशाचा डबा असला तर मशीनवाला झपकन ओढायचा, त्याला काय, आपटला तर आपटला. पण तीन आले की सगळं बदलायचं. तीन म्हणजे माणसं आहेत. वर यायचंय. रॉननं ते शेवटी शेवटी या भिंतीवर चालवलं होतं. संध्याकाळी तीनदा ठोकायचा, पलीकडून तीन आले की मला म्हणायचा, कप काढ, स्टॅन येतोय.

बेरिल : मला वाटायचं खिळे ठोकतोय.

थेल्मा : आणि नियम असा होता, की वरून तीन उलट येईपर्यंत खाली कुणी पिंजऱ्यात पाय ठेवायचा नाही. कितीही घाई असू दे, पाणी भरत असू दे. उत्तर आलं नाही तर परत ठोकायचं. परत थांबायचं. ऐकायचं.

नेव्हिल : म्हणजे बाबा...

थेल्मा : चाळा नाही तो. ईस्टरपासून उभा आहे तो पिंजऱ्याच्या दाराशी. त्याला वर यायचंय, आणि वरती कुणी उत्तर देत नाहीये.

बेरिल : मी हात धरत होते त्याचा.

थेल्मा : तुला काय ठाऊक.

बेरिल : थांबवत होते मी त्याला.

थेल्मा : पुसून घे. तो टॉवेल स्वच्छ आहे. नेव्हिल, बिस्किटांचा डबा उचल, कागद काढ तो. आणि ड्रॉवरमधलं पेन दे.

नेव्हिल : मावशी, लिहायची खरंच गरज नाही. तू काही नाही केलंस तरी...

थेल्मा : गप्प बसून झालंय माझं. पेन दे. कसं लिहितात? मला विचारलं होतं असं लिहू?

नेव्हिल : हरकत नाही, एवढं पुरे.

थेल्मा : ते दुसरं. आधी हे. बेरिल हॅडफील्ड स्वतः दारात आली आणि तिनं विचारलं. माझी हरकत नाही. बरं दिसतंय?

बेरिल : 'हॅडफील्ड' चुकलंय.

थेल्मा : मग तू लिही.

बेरिल : राहू दे. कळतंय.

थेल्मा : बाक तेवढा पुढच्या दाराशी नेऊन ठेव रे, नेव्हिल. तिकडे सकाळचं ऊन येतं थोडं. आणि छप्पर माझ्या बाजूनं उतरतं कर, जमेल तेवढं.

नेव्हिल : करतो, मावशी. नक्की करतो. मी नीट मोजतो.

बेरिल : तू मोजू नकोस. दुसऱ्या कुणाला मोजायला सांग.

थेल्मा : आणि पलंग कुठल्या भिंतीला लावणार?

बेरिल : कुठल्या लावू?

थेल्मा : माझ्याकडच्या. मधे माझं अंगणच आहे, खिडकी उघडी ठेवीन, आवाज येईल. तू झोपलेली असलीस आणि त्यानं ठोकलं तर मी जागी असतेच. आता गाडी काढ रे, भेटायची वेळ संपायच्या आत पोहोचवशील हिला. बेरिल, जाऊन पहिल्यांदा ती उशी सोड. तो ठोकेल. हात धरू नकोस. थांबेल, मग तू ठोक. तीन.

बेरिल : असं?

थेल्मा : इतक्या घाईनं नाही, बेरिल. सावकाश. आत माणसं आहेत.